कार्यालय, वर्ग आणि डोंगरवाट : एका सॅकमध्ये तीन कामे

रोजच्या वापराची सॅक कशी निवडावी, याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे दिली आहेत. बहुतेकांची मूळ अडचण एकच आहे. कामाला, शिकायला आणि सुटीच्या दिवशी डोंगरात जायला वेगवेगळ्या सॅक बाळगण्याऐवजी एकच चांगली घ्यावी अशी त्यांची इच्छा आहे, पण दुकानातील प्रत्येक सॅक यांपैकी एकाच कामासाठी बनवलेली वाटते. जागेअभावी पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : मी आठवड्यातून पाच दिवस कार्यालयात जाते, काही संध्याकाळी अभ्यासवर्गाला बसते आणि महिन्यातून एकदोनदा दिवसभराच्या ट्रेकला जाते. कार्यालयाची बॅग ट्रेकला नेली की खांदे दुखतात आणि ट्रेकची सॅक कार्यालयात नेली की लॅपटॉप व कागदपत्रे आत कशीही पडतात. तिन्ही कामे नीट करील अशी सॅक असते का, की प्रत्येक ठिकाणी थोडी गैरसोय सोसावीच लागते?

उत्तर : अशी सॅक मिळते. मात्र ती शोधायला बाहेर पडण्याआधी दोन्ही दिवसांची ओझी घरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहावीत, असे मी सुचवीन. चौदा इंची लॅपटॉप साधारण दीड किलोचा असतो; त्यात चार्जर, जेवणाचा डबा, पाण्याची भरलेली बाटली, एखादे पुस्तक किंवा फाइल आणि छत्री मिळवली की काटा चार ते पाच किलोवर जातो. दिवसभराच्या ट्रेकला दोन-अडीच लिटर पाणी घेतले तर त्याचेच दोन-अडीच किलो होतात. पावसाचे जाकीट, एक उबदार कपडा, खाणे, विजेरी आणि प्रथमोपचाराची पिशवी धरून तेही ओझे चार ते सहा किलोच्या दरम्यान राहते. म्हणजे वजनाच्या दृष्टीने दोन्ही दिवस जवळपास सारखेच आहेत. वेगळा आहे तो ओझ्याचा आकार, आणि ते किती वेळ व कशा वाटेवरून वाहायचे हा भाग. कार्यालयाचे सामान सपाट, टणक आणि कोपरेदार असते, त्यामुळे ते पाठीला समांतर उभे राहिले पाहिजे. ट्रेकचे सामान मऊ, गोल आणि दिवसभरात कमी होत जाणारे असते, त्यामुळे ते वेळोवेळी आवळून स्थिर ठेवता आले पाहिजे.

यावरून माझे मत असे झाले आहे की सॅकची पाठीकडची बाजू ट्रेकच्या सॅकची असावी आणि आतली रचना कार्यालयाच्या सॅकची. पट्टे, पाठीचा आधार आणि शिवण यांत तडजोड करू नये. करायचीच असेल तर कप्प्यांत करावी. चार्जर, पेने, चाव्या आणि औषधे यांसाठी चेनची एक छोटी वेगळी पिशवी ठेवली की कप्प्यांची उणीव भरून निघते आणि ट्रेकच्या दिवशी ती पिशवी उचलून घरी ठेवता येते. पातळ, सरळ कापलेले आणि खांद्यात रुतणारे पट्टे मात्र नंतर कशानेही सुधारत नाहीत. दुकानात आपण नेमके उलटे करतो, कारण खिसे उघडून मोजता येतात आणि पट्ट्यांचे गुणदोष तासाभराने कळतात.

आता प्रत्यक्ष काय पाहावे ते सांगतो. लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून असावा, कारण सर्वांत जड वस्तू शरीराच्या जितकी जवळ तितकी ती मागे कमी ओढते. हा कप्पा सॅकच्या तळापर्यंत पोहोचता कामा नये. तो तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर संपणारा असेल तर सॅक जमिनीवर टेकवताना लॅपटॉपच्या कडेला धक्का बसत नाही. रिकाम्या सॅकमध्ये हात घालून हे अंतर चाचपता येते. मुख्य कप्प्याची चेन बाजूंनी निदान अर्ध्यापर्यंत उतरणारी असावी, म्हणजे तळाशी गेलेले जाकीट काढण्यासाठी सगळे सामान बाहेर काढावे लागत नाही. दोन्ही बाजूंना लिटरभराची बाटली उभी राहील असे खोल, ताणणारे खिसे असावेत आणि त्यांच्या वर आवळपट्टे असावेत. हे आवळपट्टे कार्यालयाच्या बॅगांना बहुधा नसतात. सामान कमी झाल्यावर सॅकचे पोट आवळून ओझे पाठीशी धरून ठेवण्याचे काम तेच करतात. ते नसतील तर उतारावर प्रत्येक पावलाला ओझे डावीउजवीकडे डोलते आणि तोल सांभाळण्यात शक्ती खर्च होते.

छातीवरचा पट्टा हवाच. कंबरेचा पट्टा काढून ठेवता येणारा किंवा पाठीमागच्या फटीत सरकवता येणारा असावा, कारण गर्दीच्या वाहनात लोंबणारा पट्टा दारात किंवा खुर्चीत अडकतो. रिकाम्या सॅकचे वजनही पाहावे. वीस ते पंचवीस लिटरची चांगली सॅक सातशे ग्रॅम ते एक किलोच्या आसपास बसते. जाड फोम आणि असंख्य कप्पे असलेली कार्यालयीन बॅग रिकामीच दीड किलोपर्यंत जाऊ शकते, आणि तो जादा भार डोंगरावर पायरीपायरीला जाणवतो. रंग व रूप हा प्रश्न मी गौण मानत नाही; रोज कामावर न्यायची वस्तू तिथे शोभली पाहिजे. बाहेरून साधी, एकरंगी आणि लोंबत्या दोऱ्या नसलेली सॅक दोन्हीकडे चालते.

ट्रेकच्या दिवशी लॅपटॉपचा रिकामा कप्पा वाया जात नाही. त्यात नळीची पाण्याची पिशवी ठेवता येते, किंवा बसायची घडीची फोमची चटई सरकवली तर मऊ पाठीच्या सॅकलाही चांगला ताठपणा येतो. फक्त पाण्याची पिशवी आणि लॅपटॉप एकाच दिवशी एका सॅकमध्ये कधीही ठेवू नयेत. पिशवी गळली नाही तरी थंड पाण्यामुळे तिच्या बाहेरून दव धरते.

आपली कल्पना तशी नवीही नाही. जॅनस्पोर्ट ही कंपनी १९६७ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे सुरू झाली. डोंगरभटक्यांसाठी बनवलेल्या तिच्या छोट्या सॅक १९७० च्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पुस्तकविक्री केंद्रातून विकल्या जाऊ लागल्या आणि विद्यार्थ्यांनी त्या पुस्तके वाहायला वापरायला सुरुवात केली. आज ज्याला महाविद्यालयीन सॅक म्हणतात, त्या प्रकाराची वाट डोंगराकडूनच वर्गाकडे आली आहे.

मुक्कामी ट्रेक, दोराचे गिर्यारोहण आणि बर्फातील भटकंती ही कामे मात्र या सॅककडून अपेक्षू नयेत. तिथे वजन दुपटीने वाढते आणि सांगाड्याची, जाड कंबरपट्ट्याची सॅकच लागते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. एका मित्राने वीस लिटर पुरे म्हटले, दुसऱ्याने तीस घ्यायला सांगितले. दुकानात पाहिले तर पंचवीस लिटरच्या दोन सॅकमध्ये एकसारखे सामान मावतच नव्हते. असे का?

उत्तर : लिटर मोजण्याची पद्धत सर्व कंपन्यांची एक नसते, म्हणून. एएसटीएम एफ २१५३ नावाचे एक मानक आहे. त्यात सॅक २० मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या गोळ्यांनी भरून नंतर त्या गोळ्यांचे आकारमान मोजतात. पण हे मानक सगळेच पाळत नाहीत. कोणी बाहेरचे जाळीचे खिसे हिशेबात धरतात, कोणी फक्त चेनने बंद होणारी जागा धरतात. शिवाय लॅपटॉपचा कप्पा जाड फोमचा असेल तर तो भरला काय नि रिकामा काय, आतली जागा अडवतोच. लिटरचा आकडा त्यामुळे अंदाजापुरता घ्यावा.

रोजचे महाविद्यालय आणि अधूनमधून दिवसभराचा ट्रेक अशा वापरासाठी मी २२ ते २६ लिटर हा टप्पा सुचवीन. अठरा लिटरमध्ये रोजचे सामान बसते, पण ट्रेकच्या दिवशी पावसाचे जाकीट आणि उबदार कपडा यांपैकी एक बाहेर लटकवायची वेळ येते, आणि नेमके हेच दोन कपडे कोरडे राहणे गरजेचे असते. तीस लिटरची सॅक रोज अर्धी रिकामी राहते, सामान तळाशी गोळा होते, आणि जागा आहे म्हणून हळूहळू नको त्या वस्तूही मुक्कामाला येतात. आवळपट्टे चांगले असतील आणि आपला बांधा मोठा असेल तर २८ पर्यंत जायला हरकत नाही. प्रयोगशाळेचा कोट, चित्रकलेचे साहित्य किंवा खेळाचे बूट रोज न्यावे लागत असतील तर हा हिशेब बदलतो, हेही खरे.

लॅपटॉपच्या बाबतीत इंचांवर विसंबू नये. १५.६ इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते. त्या लॅपटॉपचे अंग साधारण ३६ सेंटिमीटर लांब आणि २४ सेंटिमीटर रुंद असते, आणि एकाच पडद्याचे जुने व नवे लॅपटॉप जाडीत बरेच भिन्न असतात. वरून निमुळत्या होत गेलेल्या ट्रेकिंगच्या सॅकमध्ये कप्पा पुरेसा लांब असूनही वरचे कोपरे अडकतात आणि चेन त्यांवर ताणून बसते. एफोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो, पण पुठ्ठ्याची फाइल त्याहून दोन-तीन सेंटिमीटर मोठी असते. म्हणून रोजचे सामान बरोबर घेऊनच दुकानात जावे आणि ते भरून, चेन लावून पाहावे. दूरवरून मागवणार असाल तर कप्प्याची आतली मापे सेंटिमीटरमध्ये विचारावीत.

प्रश्न : माझी उंची १५२ सेंटिमीटर आहे. नवी सॅक घेतल्यापासून मानेच्या दोन्ही बाजूंना दुखते, पट्टे खांद्यांवरून घसरतात आणि सॅकचा तळ कंबरेखाली आपटत राहतो. ‘महिलांसाठी’ असे लिहिलेल्या सॅक खरोखरच वेगळ्या असतात का?

उत्तर : चांगल्या कंपन्यांच्या वेगळ्या असतात, काहींचा केवळ रंग वेगळा असतो. त्यामुळे चिठ्ठीवर काय लिहिले आहे यापेक्षा माप पाहणे बरे, आणि सॅकचे माप उंचीवर ठरत नाही. ते पाठीच्या लांबीवर ठरते. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी एक ठळक हाड हाताला लागते. तो सातवा मणका. दोन्ही हात कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर ठेवून अंगठे पाठीमागे एकमेकांकडे वळवले की जी रेषा मिळते, तो दुसरा टोकबिंदू. या दोहोंमधील अंतर कुणाकडून तरी कापडी टेपने मोजून घ्यावे. प्रौढांमध्ये ते बहुधा ४० ते ५० सेंटिमीटरच्या आसपास भरते, पण सारख्या उंचीच्या दोन माणसांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज आढळतो. आपल्या वर्णनावरून सॅकची पाठ आपल्या पाठीपेक्षा लांब आहे, हे जवळजवळ निश्चित वाटते.

महिलांसाठी काळजीपूर्वक बेतलेल्या सॅकमध्ये पाठीची लांबी कमी असते, दोन पट्ट्यांमधले मानेजवळचे अंतर अरुंद असते, आणि पट्टे छातीच्या बाजूने वळून जावेत म्हणून त्यांना अधिक बाक दिलेला असतो. अरुंद खांद्यांच्या पुरुषांनाही अशा सॅक चांगल्या बसतात आणि रुंद खांद्यांच्या उंच स्त्रियांना सर्वसाधारण मापाच्या. कोणी कोणती घ्यावी याला आपल्या शरीराखेरीज दुसरा कोणताही निकष नाही.

सॅक घालून पाहण्याचीही एक रीत आहे. रिकामी सॅक सर्वांनाच छान बसते, म्हणून आधी तिच्यात पाच किलो वजन घालावे. सगळे पट्टे सैल करून ती पाठीवर घ्यावी, मग खांद्याचे पट्टे एकेक करून खाली ओढावेत. पट्टा खांद्याच्या पुढून, वरून आणि मागून सलग टेकला पाहिजे. खांद्याच्या मागे पोकळी राहत असेल तर ती सॅक आपल्या मापाची नाही. छातीचा पट्टा गळ्याच्या हाडाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली येईल असा सरकवावा आणि तो श्वास आवळणार नाही इतपतच ओढावा. घसरणाऱ्या पट्ट्यांवर हा साधा उपाय बहुतेक वेळा पुरतो. त्यानंतर मान मागे टाकून पाहावी, हात डोक्यावर न्यावेत, खाली वाकावे, जिना असेल तर चढून उतरावे, आणि दहापंधरा मिनिटे तशीच घालून राहावी. दुकानदाराला याचा कंटाळा येत असेल तर तो येऊ द्यावा; ही वस्तू आपल्या पाठीवर काही वर्षे राहणार आहे.

कंबरपट्ट्याविषयी एक गैरसमज वारंवार दिसतो. अडीच सेंटिमीटर रुंदीची साधी निवार कंबरेला बांधल्याने खांद्यांवरचे वजन कमी होत नाही. ती सॅकला फक्त हलू देत नाही. वजन कंबरेच्या हाडांवर उतरवायचे असेल तर पट्टा रुंद व फोमचा असावा लागतो आणि सॅकच्या पाठीत ताठ पत्रा किंवा दांडी असावी लागते. पाच-सहा किलोंपर्यंत त्याची निकड नसते. ओझे नेहमीच आठ किलोंच्या पुढे जात असेल तर मात्र असा पट्टा असलेलीच सॅक घ्यावी.

हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटे बधिर होत असतील तर पट्टा खांद्यातील शिरा दाबतो आहे असे समजून ती सॅक वापरणे ताबडतोब थांबवावे, आणि लक्षण टिकून राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. आत्ताच्या सॅकवर थोडा इलाज करून पाहायचा असल्यास खांद्याचे पट्टे पूर्ण आवळा आणि जड वस्तू तळाऐवजी मध्यभागी, पाठीला टेकून ठेवा. तरीही तळ कंबरेखाली आपटत राहिला, तर ती कुणा उंच माणसाला देणे उत्तम.

प्रश्न : ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घेतलेल्या सॅकमध्ये अर्ध्या तासाच्या पावसात पाणी शिरले आणि कागद भिजले. फसवणूक समजायची का?

उत्तर : बहुधा कापड खरोखरच जलरोधक असेल, सॅक नसेल. कापडाच्या आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो आणि तो पाणी अडवतो, पण ते कापड शिवताना सुईने हजारो भोके पडतात आणि पाणी तेथूनच येते. दुसरी वाट चेनची. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असेल आणि चेनवर थर असेल तर सॅक पुष्कळ तग धरते. तरी खरोखर पाणी न शिरणारी सॅक म्हणजे शिवणीऐवजी उष्णतेने जोडलेली आणि तोंड गुंडाळून बंद करायची. तशी सॅक रोज दहादा उघडझाप करायला त्रासाची असते, म्हणून तिन्ही कामांच्या सॅकसाठी मी ती सुचवत नाही.

रेनकव्हर उपयोगी आहे, विशेषतः शहरातल्या सरळ पावसात. परंतु ते पाठीची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळलेले पाणी पट्ट्यांमधून व पाठीच्या फोममधून आत झिरपते, वाऱ्यात कव्हर फुगते, आणि काटेरी झुडपांतून जाताना फाटते. डोंगरात अधिक भरवशाचा उपाय आतून करायचा असतो. सॅकपेक्षा मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी आत घालून सामान तिच्यात भरावे आणि तोंड पिळून दुमडावे. सॅक भिजली तरी सामान कोरडे राहते. लॅपटॉप आणि कागद यांना त्याखेरीज स्वतंत्र बंद पाकीट असावे. पाऊस नसतानाही ते कामाला येते, कारण चढावर पाठीचा घाम फोममधून आतल्या कप्प्यापर्यंत पोहोचू शकतो.

कापडावरून पाण्याचे थेंब घरंगळून जावेत म्हणून बाहेरून दिलेला लेप वेगळा असतो आणि वापराने तो विरतो. या लेपांत वर्षानुवर्षे वापरली गेलेली फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून ती मिसळलेल्या बहुतेक नव्या कापडी वस्तूंच्या विक्रीस बंदी केली आहे, आणि त्यांत सॅकही येतात. या रसायनांशिवाय बनवलेले लेप आता मिळतात. ते थोडे लवकर विरतात, पण सामान आतून बांधलेले असेल तर त्याने काही बिघडत नाही. मी ती चिठ्ठी पाहून तसलीच सॅक निवडीन.

प्रश्न : आमचा मुलगा सहावीत आहे. शाळेला आणि आमच्याबरोबर डोंगरावर यायला त्याला एकच सॅक घ्यावी म्हणतो. किती वजन चालेल? थोडी मोठी घेतली तर पुढेही पुरेल का?

उत्तर : मोठी घेऊ नका. कपडा वाढत्या मापाचा घेता येतो, सॅक नाही. लांब पाठीची सॅक आज त्याच्या कंबरेखाली लोंबेल आणि तो तोल राखण्यासाठी पुढे झुकून चालू लागेल. सॅकचा वरचा काठ खांद्यांच्या वर फारसा जाऊ नये, आणि तळ कंबरेच्या रेषेखाली दहा सेंटिमीटरहून अधिक उतरू नये. पंधरा ते अठरा लिटर या वयाला पुष्कळ होतात. पट्टे सरकवून पाठीची लांबी वाढवता येईल अशी मुलांची सॅक मिळाली तर ती दोन-तीन वर्षे पुरते.

वजनाविषयी अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशनची शिफारस शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांची आहे, तर तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने दहा ते वीस टक्के अशी मर्यादा सांगितली आहे. मुलगा ३५ किलोचा असेल तर साडेतीन किलोंपर्यंत राहावे, हे मला सुरक्षित वाटते. आपल्याला भिवविण्यासाठी मी हे लिहीत नाही. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६९ अभ्यास एकत्र तपासले गेले, आणि दप्तराच्या वजनामुळे मुलांना पाठदुखी जडते याचा खात्रीलायक पुरावा त्यांत आढळला नाही. मात्र ज्या मुलांना स्वतःला दप्तर जड वाटते त्यांच्यात आणि पाठदुखीत काही संबंध दिसला. म्हणून काट्याइतकेच मुलाचे म्हणणेही ऐकावे. तो जड आहे म्हणत असेल तर ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणू नये.

दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्यायची सवय लावा, जाड पुस्तके पाठीकडच्या कप्प्यात ठेवा, आणि संध्याकाळी रस्त्याने यावे लागत असेल तर प्रकाश परतवणारी पट्टी असलेली सॅक घ्या. डोंगरावर त्याच्याकडे त्याची बाटली, त्याचे जाकीट आणि थोडा खाऊ एवढेच द्यावे. बाकीचे पाणी मोठ्यांनी वाहावे.

प्रश्न : पाठीशी जाळी ताणलेली, मधून वारा खेळणारी सॅक रोजच्या वापराला बरी का?

उत्तर : ट्रेकला फार बरी, लॅपटॉपला तितकीशी नाही. डॉइटर या जर्मन कंपनीने १९८४ साली अशी जाळीची पाठ आणली आणि घाम कमी करण्यात ती आजही सरस आहे. पण जाळी ताणण्यासाठी सॅकच्या पाठीला बाक द्यावा लागतो, त्या बाकात सपाट लॅपटॉप नीट बसत नाही, आणि ओझे पाठीपासून काही सेंटिमीटर दूर जाते. दोन्ही वापर असतील तर मध्ये खोल चर ठेवलेली फोमची पाठ निवडावी. घाम थोडा येईल, पण सामान जागेवर राहील.

प्रश्न : कापड आणि चेन चांगली आहे हे ओळखायचे कसे? माझ्या जुन्या सॅकचे अस्तर चिकट होऊन त्याचे पापुद्रे निघतात आणि चेन लावली तरी मागून उघडत जाते. ती दुरुस्त होईल का?

उत्तर : कापडावर लिहिलेला डेनियरचा आकडा म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन, आकडा मोठा म्हणजे धागा जाड. पण वेगवेगळ्या धाग्यांची तुलना या आकड्याने करू नये. नायलॉन घासण्याला पॉलिएस्टरपेक्षा अधिक टिकते, त्यामुळे ४२० डेनियरचे चांगले नायलॉन ६०० डेनियरच्या सामान्य पॉलिएस्टरहून हलके असूनही खडकाला जास्त पुरे पडू शकते. उलट, पॉलिएस्टर उन्हाला अधिक तग धरते आणि पाणी कमी पिते. तिन्ही कामांसाठी अंग २१० ते ४२० डेनियर नायलॉनचे आणि तळ त्याहून जाड असेल तर उत्तम. एक हजार डेनियर रोजच्या सॅकला गरजेपेक्षा जास्त आहे. त्याचे वजनच वाहावे लागते.

त्याहून महत्त्वाची आहे शिवण. सॅक आतून उलटी करून पाहावी. कापडाच्या कडा पट्टीने बांधलेल्या असाव्यात, दोरे सुटलेले नसावेत, आणि खांद्याचे पट्टे व वरची मूठ जिथे जोडली आहे तिथे दाट, आडवे टाके एकमेकांवर घातलेले दिसावेत. सॅक फाटते ती बहुतेक वेळा इथेच. मधले कापड तोवर धडधाकट असते. आतले अस्तर फिकट रंगाचे असेल तर अंधाऱ्या तळातली किल्ली लवकर दिसते, ही लहान पण रोज सुखावणारी सोय.

चेनचा क्रमांक तिच्या बंद दातांच्या मिलिमीटरमधील रुंदीशी साधारण जुळतो. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० क्रमांकाची चेन असावी, छोट्या खिशांना ५ क्रमांकाची चालते. सॅक गच्च भरून, एका हाताने, वळणावरून चेन ओढून पाहावी. तिथे अडखळली तर ती पुढेही अडखळत राहील.

आपल्या सॅकची चेन मागून उघडते याचा अर्थ दात शाबूत असतील तर फक्त रनर झिजला आहे. त्याच क्रमांकाचा व त्याच प्रकारचा नवा रनर बसवला की चेन पुन्हा नीट लागते. बॅगा दुरुस्त करणारा कारागीर हे काम थोड्या वेळात करतो. अस्तराचे मात्र तसे नाही. पॉलियुरेथेनचा थर हवेतील ओलाव्याने व उष्णतेने रासायनिकदृष्ट्या विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग सुटतो. ही क्रिया मागे फिरवता येत नाही. निघणारे पापुद्रे कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, मऊ ब्रशने पूर्ण घासून काढले तर सॅक वापरता येईल, फक्त ती आता पाणी अडवणार नाही आणि आत प्लास्टिकची पिशवी घालूनच पावसात न्यावी लागेल. नव्या सॅकवर ही वेळ लवकर येऊ नये म्हणून ती ओली असताना कपाटात ठेवू नका, धुण्याच्या यंत्रात टाकू नका, आणि धुतल्यावर सर्व चेनी उघडून, उलटी टांगून, सावलीत पूर्ण वाळू द्या.